नागपूरची ढाल आणि कर्जाचा फॉर्म
आमच्या मुलीच्या शाळेत निवडणुकीच्या वर्षी वादविवाद असायचा. राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची आर्थिक धोरणं मुलांनी मांडायची, आणि कोणी कोणाची बाजू घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी मुलीच्या चिठ्ठीत नेमका तो उमेदवार निघाला, ज्याचं म्हणणं होतं की इन्कम टॅक्स कमी करू, आणि कॉलेजसाठी स्वस्त सरकारी कर्ज फक्त खरोखरच्या गरिबांना देऊ. मधल्यांनी आपलं आपण बघावं. मधले म्हणजे आम्ही. टॅक्समधून एका हाताने जे येणार होतं, ते कॉलेजमध्ये दोन्ही हातांनी जाणार होतं. एवढा हिशोब मला भाजी चिरता चिरतासुद्धा जमत होता.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला टेक्सास सोडून दूरच्या एका महागड्या कॉलेजात जायचं होतं. त्या कॉलेजचा मदतीचा आणि कर्जाचा फॉर्म तिने स्वतः भरला होता. वडिलांची सही तेवढी राहिली होती, म्हणून फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला होता. दूध काढायला गेलं की तो दिसे. ह्यांना मात्र दिसत नव्हता.

ह्यांना दिसत होती ती स्पर्धा. कॉलेजात असताना ह्यांनी नागपुरात वक्तृत्वाची एक ढाल जिंकली होती. अमेरिकेला येताना सासूबाईंनी बांधून दिलेलं लोणचं बाहेर काढून त्या जागी ती ढाल आणली. टेक्सासातल्या शुगर लँड गावातल्या आमच्या घरात ती टीव्हीवर उभी असे. तिला कोणी हात लावायचा नाही. ती पुसायचं फडकंसुद्धा वेगळं होतं.

मुलीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “बाबा, आय डोन्ट इव्हन बिलीव्ह धिस.”

“बेटा, विश्वास ठेवायचा नसतो,” हे म्हणाले, “ढाल आणायची असते.”

मग तीन आठवडे आमच्या दिवाणखान्यात नागपूर भरलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, उजवा हात कधी उचलायचा, सगळं शिकवून झालं. बाकीची मुलं खिशात हात घालून कार्डावरून वाचणार होती, आणि आमची पोर सोफ्यासमोर उभी राहून सभा जिंकत होती. भाषणाचा शेवट ह्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून दिला. त्याचा अर्थ असा, की माझे वडील दोन बॅगा घेऊन या देशात आले, त्यांनी कोणाकडे मदत मागितली नाही, मग आज आपण का मागावी? ती हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ह्यांचेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्मचा विषय काढला. हे म्हणाले, “आपण आजवर कोणापुढे हात पसरला नाही.” पोपटाला पढवता पढवता मालकच पढला होता. नागरिकत्व घेतल्यावर आमचं ते पहिलंच मतदान, आणि ह्यांचं मत कुठे जाणार हे आता इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला कळलं होतं. मंडळाच्या दसऱ्याच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मुलीने भाषण करून दाखवलं. एक डॉक्टर काका पुरी हातात धरून म्हणाले की ही बोलली की माझा टॅक्स आत्ताच कमी झाल्यासारखा वाटतो. सगळे हसले. मुलगी हसली नाही. परतताना गाडीत तिने मला हळूच विचारलं, फॉर्म पाठवायला बारा दिवस राहिलेत, बाबा करतील ना? मला ह्यांचा असा राग आला की घरी पोचेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.

वादविवाद शनिवारी सकाळी होता. मुलगी अप्रतिम बोलली. दोन बॅगा आल्या, उजवा हात वर गेला, आणि पालकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. ह्यांची मान तर खुर्चीच्या वर वीतभर गेली होती. मग श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे होते. आधी ठरवलं होतं म्हणावं तर तसं नाही, पण माझा हात वर गेला आणि कोणीतरी माइक माझ्यासमोर धरला.

माझं इंग्रजी वाणसामानापुरतं. तरी मी विचारलं, “युवर फादर्स मास्टर्स डिग्री. हू पेड?”

लग्नाच्या कागदांबरोबर फाइलमध्ये ह्यांच्या विद्यापीठाचं पत्र होतं. अमेरिकेतल्या त्या सरकारी विद्यापीठाने ह्यांची फी माफ केली होती आणि वर महिन्याचे पैसे दिले होते. ह्यांचा पहिला थंडीचा कोटसुद्धा त्यातलाच. मुलीलाही ते ठाऊक होतं, कारण त्याच कोटाच्या कितीतरी गोष्टी तिने ऐकल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही.

“द टॅक्सपेयर्स,” ती म्हणाली. “आय गेस.”

सभागृह हसलं आणि परीक्षकांनी ट्रॉफी विरुद्ध बाजूने बोललेल्या मुलीला दिली.

 परतताना गाडीत मुलगी एवढंच म्हणाली की जगात कोणाचीही आई असं करत नाही. ते खरंच होतं. मला वाईट वाटत होतं, आणि पुन्हा विचारायची वेळ आली असती तर मी पुन्हा विचारलं असतं.

दुपारी मी दूध काढायला गेले तर फ्रिजवर फॉर्म नव्हता. हे जेवणाच्या टेबलावर तो समोर घेऊन बसले होते, पेनाचं टोपण अजून लावलेलंच.

“ऑफिसात आमच्या रांगेतली चार टेबलं रिकामी झालीत,” हे म्हणाले. ह्यांची कंपनी तेलाची, आणि तेलाचे भाव घसरत होते, ते मला माहीत होतं. टेबलांचं माहीत नव्हतं. “यावर सही केली की मला जमत नाही असं लिहून दिल्यासारखं होतं.”

“अहो, त्या विद्यापीठाच्या कागदावर सही केलीत तेव्हा लाज वाटली होती?”

“तेव्हा मी पेढे वाटले होते.”

 मग ह्यांनी टोपण काढलं आणि सही केली. मुलीला हाक मारून फॉर्म तिच्या हातात दिला, पोस्टाच्या पेटीत आजच टाक म्हणाले. तिने त्यांना मिठी मारली. माझ्याशी ती मंगळवारी बोलली.

तो उमेदवार निवडून आला. ह्यांनी मत कोणाला दिलं ते मी विचारलं, ह्यांनी सांगितलं नाही, आणि अजूनही सांगत नाहीत. मुलगी त्या कॉलेजात गेली. कर्जाचे नियम दरवर्षी बदलत राहिले, फॉर्म दरवर्षी लांबत गेला, आणि हे दरवर्षी न बोलता सही करत गेले.

वादविवादाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी चहा करायला उठले होते, तेव्हा टीव्हीवर ढाल नव्हती. ती स्वयंपाकघरात माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी उभी होती, लख्ख पुसलेली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “काल परीक्षकांचा निर्णय चुकला होता.”