तिनं भरलेली हवा

धक्क्यावर तिला सगळे भोंगा म्हणतात. एकदा तिनं बोट उगाच माघारी बोलावली होती. भरलेल्या हवेला तेलाचा वास येतोय, असं तिला वाटलं होतं. वास निघाला तिच्याच बोटांना लागलेल्या ग्रीसचा. पाहुणे चिडून गेले, नाव तेवढं मागे राहिलं.

दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत तिचा कॉम्प्रेसर आहे. छपरावर काढलेल्या नळीतून तो बाहेरची हवा ओढतो, दाबून सिलिंडरांत भरतो. ते सिलिंडर पाठीला बांधून लोक कोमट, उथळ पाण्यात बुडालेली मालबोट बघायला उतरतात. ती स्वतः गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी गेलेली नाही. तरी खालचा प्रत्येक श्वास आधी तिच्या हाताखालून गेलेला असतो, आणि हा विचार तिला जेवताना, वेणी घालतानाही सोडत नाही. नवरा म्हणतो, "तू सिलिंडरात हवा भरतेस की काळजी?"

त्या सकाळी बोट गेल्यावर ती ओली फडकी वाळत घालायला मागे आली. कुंपणापलीकडे बर्फवाल्याचा टेम्पो उभा होता, इंजिन चालू.

"कधीपासून उभा आहेस?"

"तुमचं मशीन सुरू व्हायच्या आधीपासून, वहिनी. बंद केला तर पुन्हा धक्का मारायला तुम्हालाच बोलवावं लागेल. बॅटरी मेलीय."

तिनं वर पाहिलं. भरायला घेतलं तेव्हा वारा समुद्राकडून होता. आत यंत्राच्या धडधडाटात तो कधी फिरला, कळलंच नाही. आता टेम्पोचा धूर सरळ नळीच्या तोंडाशी जात होता. धुराचा वास यंत्रातल्या गाळणीत अडकतो. धुरातलं जे माणसाला मारतं, त्याला वासच नसतो.

ती वायरलेसकडे धावली.

"बोल, भोंग्या," बोटवाला म्हणाला.

"सगळ्यांना वर घे."

"आत्ता? तुझा दीर त्यांना घेऊन जहाजाच्या पोटात शिरलाय."

"शिडीवर पाना आपट. ऐकू जाईल."

"पुन्हा ग्रीस का गं?"

"नंतर हस. आधी आपट!"

वायरलेसमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग नुसती खरखर. दिरानं त्या जहाजाबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं तिच्यापुढे उभं राहिलं: एकावेळी एकच माणूस मावेल असं दार, पुढे अंधार, पायाखाली उठणारा गाळ. तिथं कुणाला गरगरलं तर?

"एक आला," बोटवाला म्हणाला. "दोघं नवराबायको आले. त्यांचे आजोबा आले."

"आणि आमचा?"

"दिसत नाही अजून."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"आला गं बाई, आला. रागावलाय."

पाठोपाठ दिराचा आवाज. "वहिनी, काय लावलंयस तू?"

"डोकं दुखतंय का कुणाचं?"

"माझं. तुझ्यामुळे."

"चेष्टा करू नकोस. धूर गेला असेल रे हवेत. विचार सगळ्यांना."

"सगळे ठणठणीत आहेत. फक्त वैतागलेत."

बोट धक्क्याला लागली. पाहुणे तिच्याकडे न बघता सामान उचलून निघाले. "भोंग्याच्या धसक्यानं फेरी गेली," बोटवाला कुणाला तरी सांगत होता, आणि ती ऐकून घेत होती, कारण ठणठणीत हा शब्द तिला अजून पुरत होता.

दीर सगळ्यात शेवटी उतरला. तिला ओलांडून पुढे गेला, मग परत येऊन धक्क्याच्या पायरीवर तिच्या शेजारी बसला. बोटवाल्याची पाठ वळेपर्यंत थांबला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मळमळायला लागलं, तर ते धुरानंच असतं का?"

त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तुलाच होतंय, की त्यांनाही?"

"आजोबा बोटीत दोनदा ओकले. मी म्हटलं, लाटांनी होतं असं."

पाहुणे वळणापर्यंत पोचले होते. "ह्याला डॉक्टरकडे ने, आत्ताच्या आत्ता!" असं बोटवाल्याला ओरडून सांगत ती अनवाणीच त्यांच्यामागे धावत सुटली.