अडतीस माणसं कमी

जयतीर्थराव मल्लेश्वरमात राहत आणि सरकारी कचेरीत बसून, कधी न पाहिलेल्या तालुक्यांची माहितीपुस्तकं लिहीत. १९६१च्या शिरगणतीनंतर होन्नगुड्डे तालुका त्यांच्या वाट्याला आला. इतिहास म्हणजे एक पडका किल्ला, तोही कुणाचा ते ठाऊक नाही. उत्पन्न म्हणजे नाचणी आणि मेंढ्या. एवढं एका सकाळीत आटोपलं. लोकसंख्येपाशी मात्र ते अडले. मुख्य गावात ४,९६२ माणसं होती आणि सरकारी दवाखाना पाच हजारांच्या गावालाच मिळणार होता. अडतीस माणसांपायी त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"अहो, भात निवतोय. स्वल्प तरी खा," वसुमतीबाई म्हणाल्या.

"शिरगणतीवाल्याला आपली मुलं किती सांगितलीस?"

"दोन."

"अगं, तीन आहेत!"

"म्हणून काय मोजून दाखवायची? दृष्ट लागते. शेजारच्या अंबुबाईंनी तर चारातली दोनच सांगितली."

जयतीर्थराव रजा टाकून होन्नगुड्डेला गेले. गावच्या कुलकर्ण्याला घेऊन आठ दिवस घरोघर फिरले. मुलं किती, हे विचारलंच नाही. जेवायला पानं किती मांडता, एवढंच विचारलं. पानांना दृष्ट लागत नसल्यामुळे आकडा ५,२१७ भरला.

"शिरगणतीत डोकी मोजतात हो, पानं नव्हे," कचेरीतले साहेब तो आकडा पाहून म्हणाले.

"बाईसाहेबांनी शिरगणतीवाल्याला मुलं किती सांगितली, तेवढं आज घरी विचारून पाहा," जयतीर्थराव म्हणाले.

साहेबांनी फाइल घरी नेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या शिफारशीवर सही करून परत दिली.