‘नाही’ ऐकायची पाळी

साकेत नगरातली दुसरी गल्ली संपली तेव्हा कुदसिया आपांनी उजव्या पायातली चप्पल काढून हातात घेतली. चपलेचा अंगठा तुटला होता. आश्विनातलं ऊन डोक्यावर आलं होतं आणि खालचं डांबर चटके देत होतं.

“आपा, रिक्षा करू का?” सुलभाताईंनी विचारलं.

“रिक्षातून पाट्या वाचता येतात का? चल गुपचूप.”

पाट्या म्हणजे ‘कमरा किराये से देना है’ असं लिहिलेले फाटकावरचे पुठ्ठे. सकाळपासून दोघी तेच वाचत हिंडत होत्या. मोठ्या हॉस्पिटलच्या मागची ही वस्ती. इथली निम्मी घरं नर्सेसना आणि शिकणाऱ्या मुलांना खोल्या देतात. तेव्हा खोल्या नव्हत्या असं मुळीच नाही.

खोली हवी होती शाइस्तासाठी. पोरगी त्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. घर पार करोंदच्या पुढे, दोन मिनीबस बदलून यायची. येत्या सोमवारपासून तिला पहाटेची ड्यूटी लागली होती आणि पहाटे तिकडून बस नाही. तोवर हॉस्पिटलजवळ खोली मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोड, असं तिचा बाप सांगून मोकळा झाला होता. आपांनी तिच्या आईला शब्द दिला होता.

दोघींची फिरण्याची एक रीत होती. आधी सुलभाताई एकट्या जायच्या आणि खोली रिकामी आहे का विचारायच्या. त्या बाहेर पडल्या की थोड्या वेळाने आपा जायच्या, मुलीचं नाव सांगून तेच विचारायच्या. सुलभाताईंना खोली दाखवायचे, पाणी विचारायचे. आपा विचारायला गेल्या की तीच खोली आधीच गेलेली असायची. मग दोघी मिळून पुन्हा त्या दारात उभ्या राहायच्या. “आत्ता तर होती. आता का नाही?” एवढंच विचारायचं. भांडायचं नाही, उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. काही माणसं दार लोटून घ्यायची. काहींना खरोखरच लाज वाटायची आणि खोली मिळून जायची.

दोघींची ओळख बरखेड्याच्या क्वार्टरातली. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर ग्रेडप्रमाणे आणि नंबर लागेल तसं मिळायचं. शेजार कोणाचा हवा, हे कोणी विचारत नसे. सुलभाताईंचे यजमान भालचंद्र नाफडे नागपूरकडून टर्नर म्हणून आले, तर मधल्या भिंतीपलीकडे हमीद अली फिटर आणि त्यांची बायको कुदसिया. दोन्ही दारांवर पत्र्याच्या पाट्या, एकाच पेंटरने एकाच निळ्या रंगात रंगवलेल्या. वर नाव, खाली कारखान्यातला टोकन नंबर. बस, संपलं.

सुलभाताई देवभोळ्या नाहीत, पण देवाच्या आहेत. दर गुरुवारी उपास, संध्याकाळी दत्ताची आरती. आरती सुरू झाली की पलीकडचं शिलाई मशीन आपोआप थांबायचं. कोणी सांगितलं नव्हतं. रमजानात सुलभाताई दुपारची फोडणी देताना मागची खिडकी लावून घ्यायच्या. तेही कोणी सांगितलं नव्हतं. आपा अर्ध्या टाउनशिपचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. जीभ कात्रीपेक्षा धारदार. ब्लाउज घट्ट झाला म्हणून कोणी कुरकुरत आली की तोंडावर सांगायच्या, “ब्लाउज तोच आहे बाई, तूच बदललीस.” मराठी शिकल्या त्या कुंपणावरून, सुलभाताईंशी गप्पा मारता मारता.

नोकरी संपली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि बाहेर जग कसं चालतं ते कळलं. नाफड्यांना कोलार रोडला चटकन घर मिळालं. हमीदभाई अरेरा कॉलनीपासून कोलार रोडपर्यंत पायपीट करून थकले. सगळा जन्म ज्या माणसाने देशाच्या वीजघरांची यंत्रं जुळवली, त्याला लोकांनी फाटकात नाव विचारलं आणि फाटकातूनच परत लावून दिलं. शेवटी जहांगीराबादच्या एका बोळात दोन खोल्या मिळाल्या. हमीदभाई तिथे फार दिवस जगले नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी नुजहत. एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिलाही इथेच, साकेत नगरात खोली हवी होती. एक घरमालक तयार झाला. म्हणाला, “बेटी, मला काही अडचण नाही, पण आजूबाजूचे बोलतात. तू आपलं नीता नाव सांग.” नुजहतने हसत हसत मान्य केलं, आईला मात्र सांगितलं नाही. दोन वर्षं ती नीता होती. ईदला नीता दर वेळी कोणाच्या तरी लग्नाला म्हणून जायची.

मग एका सकाळी मिनीबसने तिच्या स्कूटरला धडक दिली. गल्लीतली माणसं धावली, तिला उचललं, हॉस्पिटलात पोचवलं. नाव विचारलं तेव्हा सगळ्यांनी खात्रीने सांगितलं, नीता. मालक गावाला गेलेला, तिचा फोन चुरा झालेला. संध्याकाळी मुलीचा फोन लागेना म्हणून आपा निघाल्या आणि एकेका हॉस्पिटलात नुजहत अली विचारत फिरल्या. या मोठ्या हॉस्पिटलातही विचारलं. त्या नावाचं कोणी नाही, असं उत्तर मिळालं, आणि ते खोटं नव्हतं. नीता वरच्या मजल्यावर होती. आई खाली मुलीचं नाव घेत उभी आणि मुलगी वर दुसऱ्याच नावाने शेवटचे श्वास घेत होती. जवळ आपलं कोणी नाही, तोंडात पाणी घालायला कोणी नाही.

माणसं वाईट नव्हती हो. उचलून नेणारी माणसं वाईट कशी म्हणायची? याचाच तर सुलभाताईंना आजही संताप येतो. इतकी चांगली माणसं, आणि एका मुलीचं नाव त्यांना सोसत नव्हतं!

मुलीच्या चाळीसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर आपांनी शिलाईच्या खोलीवर पाटी लावली, ‘नुजहत यादगार समिती’. टाउनशिपच्या जुन्या शेजारणी जमल्या, सुलभाताई सगळ्यांत आधी. एका कॉलनीत नाव विचारून भाजीवाल्याला हाकललं, तेव्हा समितीच्या बायका आठवडाभर त्याच फाटकासमोर त्याच्याच गाडीवरून भाजी घेत राहिल्या. शाळेत पोराला कोणी धर्मावरून चिडवलं तर हेडमास्तरांसमोर जाऊन बसायच्या. खोल्या शोधणं हे तर रोजचंच. समितीची अट एकच. कोणाचंही नाव बदलायचं नाही.

तर त्या दिवशी तिसऱ्या गल्लीत एक दुमजली घर आलं. फाटकावर पुठ्ठा, आणि वर ‘दिघे’ अशी पाटी. आपा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या लिंबाखाली थांबल्या. सुलभाताई आत गेल्या.

नरहरराव दिघे मूळचे ग्वाल्हेरचे, सरकारी कचेरीतून निवृत्त. “नाफडे? अरे वा! म्हणजे आपल्यातल्याच की! मनोरमा, बघ कोण आलंय.”

मनोरमाबाई पदराला हात पुसत आल्या. “गुरुवार आहे, उपास असेल ना तुम्हाला? खिचडी गरम आहे, साबुदाण्याची. नाही म्हणू नका.”

“ओळखीतल्या एका मुलीसाठी खोली हवी होती,” सुलभाताई म्हणाल्या. “नर्स आहे ती.”

“मग प्रश्नच मिटला. वरची खोली तिचीच समजा,” नरहरराव म्हणाले. नाव विचारलंच नाही. सुलभाताईंच्या कपाळाकडे बघून सगळं ठरलं.

सुलभाताई उठायला लागल्या, पण मनोरमाबाईंनी बशी हातात दिली, दही आणायला गेल्या, पुन्हा बसवलं. एरवी त्या दोन मिनिटांत बाहेर पडायच्या. आज मराठी पाहुणचारात अडकल्या. बाहेर आपांना वाटलं, मागच्या दाराने गेली असेल. फाटकाची कडी वाजली.

“भाईसाहब, कमरा खाली है?”

“किसके लिए?” नरहरराव व्हरांड्यात गेले होते.

“एक बच्ची है, नर्स. शाइस्ता अन्सारी.”

“नहीं, वो तो सुबह ही उठ गया.”

दूधवाल्याला आज जास्तीचं नको म्हणावं, इतक्या सहज. आवाज चढला नाही, अडखळला नाही.

इकडे मनोरमाबाई बशीत दही वाढत हलक्या आवाजात म्हणाल्या, “येतात हो असे. हे असंच सांगून लावून देतात. एकदा का यातलं कोणी घरात शिरलं… तुम्ही घ्या ना, साखर घालू का दह्यात?”

इतकी वर्षं त्यांनी आपांच्या तोंडून ऐकलं होतं की नाही म्हणाले. म्हणतात कसं, ते आज पहिल्यांदा कानावर पडलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि त्या व्हरांड्यात आल्या.

“या माझ्याबरोबर आहेत. मी त्याच मुलीसाठी आले होते.”

नरहररावांचा चेहरा उतरला. “अहो वहिनी, मग आधी सांगायचं नाही का!”

“आधी सांगितलं असतं तर खिचडी मिळाली असती का मला?”

“तसं नाही हो. आमचं स्वतःचं काहीच नाही. पण वस्ती आहे, चार लोक बोलतात.”

“वस्ती कुठे आहे?” आपांनी विचारलं. “बोलवा तिला. मी बोलते तिच्याशी.”

नरहरराव इकडेतिकडे बघायला लागले. मग मनोरमाबाई पुढे झाल्या. अगदी मायेने म्हणाल्या, “जाऊ दे, असं करू या. मुलगी चांगलीच असेल. आपण तिला शशी म्हणू. मी सांगेन, नात्यातली आहे. तेवढं कोणाला काही बोलू नका, म्हणजे झालं.”

आपांचा हात फाटकाच्या गजावर होता. तो तिथेच राहिला. बोलल्या सुलभाताई, आणि अशा आवाजात की पलीकडच्या गच्चीवरची बाई वाळत घातलेले कपडे सोडून बघायला लागली.

“शशी? यांची मुलगी इथे, मागच्या गल्लीत, नीता म्हणून राहिली. नीता म्हणूनच मेली! ही आई खालच्या मजल्यावर तिचं खरं नाव घेऊन विचारत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. आणि तुम्ही आता शशी म्हणताय?”

“तो अपघात असेल वहिनी, त्याला आम्ही काय करणार?”

“अपघात मिनीबसने केला. नाव तुमच्यासारख्यांनी काढून घेतलं.”

“तुमच्याशी काय भांडायचं,” नरहरराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्ही तर आपल्यातल्या.”

“नाही. देवाशपथ सांगते, मी तुमच्यातली नाही.”

“चल, सुलभा,” आपा म्हणाल्या. “असली चावी नको आपल्याला.”

दोघी लिंबाखाली परत आल्या. आपा इस्त्रीवाल्याच्या मागच्या कट्ट्यावर बसल्या. सुलभाताईंनी पर्समधून पिन काढली आणि चप्पल मागून घेतली, पण पिन जाड पट्ट्यात जाईना. मनात त्यांनी दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि पुन्हा जोर लावला.

“आज ओरडलीस तू,” आपा म्हणाल्या. “इतकी वर्षं फिरतोय आपण. कधी ओरडली नाहीस.”

“आज मी ऐकलं ना, आपा. माझ्या कानांनी ऐकलं.”

“आणि मी रोज येऊन तुला सांगत होते, ते?”

सुलभाताई पिन दाबत राहिल्या. पिन एकदाची आत गेली. आपांनी चप्पल पायात घालून बघितली, दोनदा जमिनीवर आपटली. समोरच्या बाजूला आणखी एक फाटक होतं आणि त्यावर नवाकोरा पुठ्ठा.

“बघ, होकार घ्यायला नेहमी तू जातेस,” आपा म्हणाल्या. “तुला पाणी मिळतं, खिचडी मिळते. नकार घ्यायला मी जाते. रीत मीच बसवली, तुझा दोष नाही त्यात. पण माझे कान थकलेत गं. सोमवार येतोय, अजून खूप दारं आहेत. एक मागते तुझ्याकडे. त्या समोरच्या घरी आता तू जा, आणि आधीच तिचं नाव सांग. शाइस्ता अन्सारी, पूर्ण. मग ते काय म्हणतील ते तू ऐकून घे. सोमवारपर्यंतच्या सगळ्या घरी तूच ऐक. मी इथे बसते.”