मंगळवार बोर्डाचा, वेळ खाडीची

आमच्या गावातून रत्नागिरीचा दवाखाना दिसायचा. खिडक्या मोजता यायच्या. मधे खाडी होती, एवढंच. मागच्या खेपेला वहिनीचं मूल गेलं ते डॉक्टर खाडी ओलांडून येईना म्हणून, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर, विशीतला, सगळं जग अर्ज लिहून सुधारता येतं अशा खात्रीचा.

मी अर्ज लिहिले. लोकल बोर्डाने कळवलं, धक्का बांधा, दर मंगळवारी डॉक्टर पाठवू. शहरातल्या धर्मादाय महिला मंडळाने कळवलं, खोली द्या, औषधं आणि शिकलेली सुईण देऊ. मग काय विचारता. वरच्या वाडीने कातळातून चिरे काढले, मोहल्ल्यातल्या तरण्यांनी होड्यांतून आणले, बायकांनी शाळेची अर्धी पडवी कुडाने अडवून, सारवून खोली केली. धक्का पुरा झाला तो पुनवेचा दिवस. दुपारी बाराला खाडी काठोकाठ भरलेली. ते साजरं रूप पाहून मी बोर्डाला लिहून टाकलं, मंगळवारी दुपारी बारा.

पहिला मंगळवार अष्टमीला आला. मी हार घेऊन उभा, पोरं स्वागताचं गाणं म्हणतायत, आणि बोर्डाचे साहेब, डॉक्टर, सुईण यांच्यासकट होडी हाकेच्या अंतरावर चिखलात रुतलेली. डॉक्टर छत्री उघडून बसले. बिळांतून कुर्ल्या, खेकडे येऊन त्यांना पाहून गेले.

"मास्तर, धक्का कुठाय?" साहेब ओरडले.

"हा काय, साहेब."

"आणि पाणी?"

साहेब सुटकेसाठी खाली उतरले ते बूट चिखलातच ठेवून पुन्हा होडीत चढले. भरती आल्यावर होडी निघाली ती थेट परत. जाताना सांगून गेले, पुढच्या मंगळवारी असंच झालं तर फाइल बंद.

मोहल्ल्यातला म्हातारा नाखवा काठावर जाळं सांधत हे सगळं बघत होता. सगळी हयात त्याने या पाण्यात काढलेली.

"नाखवा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"खाडीतल्या कालवांनासुद्धा ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला बोलावलंत कधी?"

खरं होतं. गावाच्या कामाला बोलवायचं तर पानसुपारी घेऊन दारात जायचं, हा आमचा रिवाज. मी सुधारक. शाळेच्या भिंतीवर नोटीस चिकटवली होती.

"त्या कागदाने भिंतीला बोलावलं," नाखवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पानसुपारी घेऊन त्याच्या दारात गेलो. बराच वेळ उभं ठेवून म्हणाला, "बसा. तुमच्या वहिनीला वेळ नाही, म्हणून बसा."

त्याने चांदाच्या हिशेबाने, रोज पाऊण तास पुढे सरकणाऱ्या भरतीच्या वेळा सांगितल्या. देवळातल्या भटजींनी पंचांग काढून ताडून पाहिल्या. दोघांत एका दिवसाचा फरक निघाला आणि तासभर वाद झाला. शेवटी दोघं मिळून धक्क्यालगत पाण्यात काठी रोवून बसले, तेव्हा पाण्याने निकाल दिला. नाखवा जिंकला. भटजींनीच मग त्या वेळा सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या.

तो कागद घेऊन मी बोर्डात गेलो. कारकून म्हणाला, "आमच्या रजिस्टरात बारा आहे. दर आठवड्याला वेळ बदलायला ही काय जत्रा आहे?"

आतून नवे बूट घातलेले साहेब आले, कागद वाचला, आणि उभ्याउभ्या सही केली. मंगळवार बोर्डाचा राहिला, वेळ खाडीची झाली.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर कोरड्या पायांनी उतरले, आणि मग उतरतच राहिले. दोन महिन्यांनी एका मंगळवारी वहिनीला पहाटेच कळा लागल्या, आणि दादाने तिला शाळेच्या खोलीत आणलं. आईने देव पाण्यात ठेवले. मी धक्क्यावर. भरती सात वाजता, होडी पावणेसातला. धक्क्याला टेकायच्या आत सुईणीने उडी मारली.

मूल आडवं होतं. डॉक्टर आत गेले ते दहा वाजता बाहेर आले, हात पुसत. मुलगी, आणि दोघी सुखरूप. दादा देव पाण्यातून काढायला घराकडे धावला.

तोवर पाणी ओसरून गेलं होतं. डॉक्टरांना परत जाता येईना. बातमी वाडीत आणि मोहल्ल्यात पोचली, तशा डोळे आलेल्या आज्या, गळवं झालेले खलाशी, खोकणारी पोरं शाळेपुढे रांगेत येऊन बसली. नाखवा धक्क्यावरून प्रत्येकाला सांगत होता, "घाई करू नका. पाणी संध्याकाळी सातला. तोवर डॉक्टर आपला."