सालीवर हात ठेवणारे आप्पा

निपाणीतल्या आमच्या वखारीत जळण येतं आणि विकलं जातं. किस्से मात्र कुणी नेत नाही, त्यामुळे ते साठत चाललेत! त्यातले निम्मे कोगनोळीच्या आप्पांचे. हायवेला लागून शेत, घरी गॅस, तरी हा म्हातारा आठवड्यातून दोनदा जळण निवडायला हजर. "गॅसवरची भाकरी आक्काला चालत न्हाय," म्हणायचे. आक्का म्हणजे त्यांची बायको.

आप्पा नुसता सालीवर हात फिरवून झाड सांगायचे. एकदा आम्ही त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. खैर, बाभूळ, धावडा, पटापट ओळखलं. मग मी हळूच ऑफिसातलं स्टूल पुढं सरकवलं.

"सागवान. आन् मला बसायला लागतंय ते, ठेव जाग्यावर!"

*

वडगावला माझ्या मेव्हण्याचे माग आहेत. त्यानं झाडं ओळखायचं अ‍ॅप आणलं. ऐनाच्या ओंडक्याच्या भेगाळ सालीचा फोटो काढला, तर मोबाईल म्हणाला, मगर!

"लई हुशार हाय की मोबाईल! पाठ तर मगरीचीच हाय," आप्पा म्हणाले.

चिडून मेव्हण्यानं एका फांदीची फळं खिशात घातली, घरी जाऊन शोधतो म्हणाला. ते निघाले बिब्बे! दुसऱ्या दिवशी छातीवर हे एवढे फोड.

"शोधायचं काय त्यात? झाडानं सही करून दिलीया!"

*

आप्पा जैन. चुलीत जीव जळू नये म्हणून आक्काला किडकं लाकूड चालायचं नाही. आप्पा प्रत्येक ओंडका तीनदा ठोकायचे, कान लावायचे आणि आतल्या किड्यांना सांगायचे, "उतरा रं बाबांनो, गाडी पुढं जाईत न्हाय!"

*

आक्काला नाद एकच, नागपंचमीचा झोका. हायवेकडच्या बांधावर त्यांची चिंच होती, तिला आप्पा स्वतः दोर बांधायचे. साठीतसुद्धा आक्का झोक्यावरून खाली यायला तयार नसायची.

"उतर गं आता! लोकं गाड्या थांबवून बघाय लागल्यात!"

"बघू देत की!"

*

आक्का गेली. चूल बंद झाली. तरी आप्पा यायचे, सालींवर हात फिरवायचे आणि काही न घेता परत जायचे. "करमत न्हाय रं," एवढंच म्हणायचे. त्यांची ती आधीची बडबड ऐकायला मी आजही काय वाटेल ते देईन.

*

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना तोडलेली झाडं आमच्याकडे आली. ट्रकच्या मागोमाग आप्पाही आले. एकेक ओळखत निघाले. "करंज. कडुलिंब. बाभूळ."

एका जाड फांदीवर त्यांचा हात थांबला. दोन ठिकाणी दोरानं घासून साल गुळगुळीत झाली होती. शेंड्याला चिंचा अजून लोंबत होत्या.

"आप्पा, हे कंचं?" मी कशाला विचारलं कोण जाणे.

"ठाऊक न्हाय."

त्यांनी फांदी तीनदा ठोकली. कान लावला. आता नेहमीचं ऐकायला मिळणार म्हणून हमाल हसतच उभे राहिले.

"उतर गं," आप्पा म्हणाले.