दीडशे वॅटची ऊब

मुलांनो, वॅट आणि युनिट यांतला फरक तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटला असेल. मी तो पुस्तकात वाचूनही चुकले, आणि मला तो अकरा अंड्यांनी शिकवला.

स्वातंत्र्याच्या आधीची दोन-तीन वर्षे तुमचे आजोबा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात होते. गळिताच्या हंगामात कारखाना स्वतःची वीज तयार करी, आणि आम्हा क्वार्टरवाल्यांनाही ती रात्रंदिवस मिळे. शेजारी फिटरचे बिऱ्हाड होते. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणे. पुणतांब्याच्या माहेराहून आणलेली तिची कोंबडी बारा दिवस अंड्यांवर बसली होती. तिला मुंगसाने नेले. त्या वाणाची आता तेवढी अंडीच उरली होती.

मी खोक्यात भुसा घातला, वर पंचवीस वॅटचा दिवा टांगला. भाभी अंडे पापणीला लावून ऊब पाही. सहा दिवस ठीक गेले. मग गाळप संपले आणि वीज दिवेलागणीनंतर चारच तास येऊ लागली.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेली. पाटीवर मांडले: पंचवीस गुणिले चोवीस, सहाशे. दीडशे गुणिले चार, तेही सहाशे. एकूण ऊर्जा तीच! दीडशेचा दिवा लावून मी स्वयंपाकाला लागले.

अर्ध्या तासाने भाभी आली. खोक्यात घातलेला हात तिने झटकन ओढला.

"वैनी, अंडी उबवाय ठिवलीत का उकडाय?"

"अहो, चोवीस तासांची ऊब चार तासांत देतेय. गणित बरोबर आहे."

"गणित ऱ्हाऊ द्या तुमचं. आठ दिसांच्या भाकरी येका बैठकीत चारल्या तर म्या जगन व्हय?"

एकूण ऊर्जा, म्हणजेच युनिटे, मी अचूक काढली होती. ती किती वेगाने ओतली जाते, म्हणजेच वॅट, ते पाहिलेच नव्हते.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी पंचवीसचाच दिवा, एरवी खोक्यात गरम पाण्याचे तांबे आणि वर गोधडी. पाणी आम्ही पाळीपाळीने बदलत होतो.

अकरांतून तीन पिल्ले निघाली. पुढे तुरे दिसू लागले तेव्हा कळले, दोन कोंबडे आणि एकच तलंग, म्हणजे कोंबडीची मादी.

"येक हाय न्हवं? बास झालं," भाभी म्हणाली.

ती तलंग मोठी होऊन खुडूक झाली, तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवायला भाभीने मलाच बोलावले.