देव परत द्यायला गेले होते

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मोठं काही सांगता येणार नाही, झालं तसं लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझी एकुलती एक लेक सुमन तापानं गेली. आठ दिवसांत. भेटायला येणारे म्हणायचे, देवाच्या मनात काहीतरी असेल. मी विचारायची, काय असेल? मग ते चहा पिऊन उठायचे. मी फार रडले नाही. पण रोज डोळे उघडले की एकच विचार यायचा, आता उठायचं कशाला?

सोलापुरात पस्तीस वर्षं मी कडक भाकऱ्या करून दुकानात देते. तव्यावरची पहिली भाकरी देवापुढे, मग बाकीच्या. सुमन गेल्यावर देवापुढे ठेवणं सोडलं. बाकीच्या करत राहिले, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं. थापायची, भाजायची, ओलसर असतानाच कडेला अंगठा दाबायचा आणि धगीला उभी करून वाळवायची. अंगठा एवढ्यासाठी की कुणाची भाकरी ते दुकानदाराला कळावं. लहानपणी अडकित्त्यात माझ्या अंगठ्याचं टोक गेलं, त्यामुळे माझा ठसा आखूड उठतो. या भाकऱ्या पुढं कोण खातं, याचा विचार मी केला नाही.

शेवटी दुकानदाराला सांगितलं, सोमवारपासून माझी भाकरी येणार नाही. घरात बसून राहायचं आणि आपली वेळ यायची वाट बघायची, एवढंच ठरवलं होतं. देव्हाऱ्यात पितळेचा बाळकृष्ण होता. त्याला तरी उपाशी का ठेवायचं? अक्कलकोटला मठाबाहेर झाडाच्या पारावर लोक नको झालेले देव ठेवून जातात, तिथं सोडून यावं म्हटलं. शेजारची मालन हसली. "काकू, देव म्हंजी काय गॅसची टाकी हाय व्हय, परत करायला?" मी म्हटलं, "टाकी तरी भरून येती गं."

शनिवारी मूर्ती पदरात बांधून न खाताच बस धरली. उन्हातून चालत पाराशी पोचले, पदरातली गाठ सोडायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खालीच बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, कर्नाटकाकडची. तिनं माझी मान धरली, बाटली तोंडाला लावली. "नीर कुडीरी अव्वा," म्हणाली. पाणी प्याले. मग तिनं पिशवीतून भाकरी काढून माझ्या हातात दिली. कडेला आखूड ठसा होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"ही माझी भाकरी हाय," मी म्हटलं.

"घ्या की, तुमालाच दिली."

"तसं न्हाई. मी केलेली."

तिनं माझा अंगठा धरून भाकरीशी दोनदा लावून बघितला. मग म्हणाली, "अव्वा, आमचे यजमान लई आजारी होते. काय बी पोटात ठरत न्हवतं. ही दुदात कुस्करून दिली, तेवडी ठरली. वर्ष झालं, औषदाला सोलापूरला आले की हीच नेते. दुसरीचा ठसा असंल तर ते ताट बाजूला सारत्यात." आणि जरा रागानंच विचारलं, "तुमी हितं उपाशी का फिरता मग?"

मी हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला. भाकरी खाल्ली. चांगली झाली होती. ज्या वर्षात मी कशाला जगते म्हणत होते, त्याच वर्षातली ती. तिनं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मूर्ती पदरात तशीच ठेवली आणि परतीची बस धरली.

कुणी याला चमत्कार म्हणेल, कुणी म्हणेल दुकानातली भाकरी कुठंही मिळते. मी भांडत नाही. सुमन का गेली ते मला अजून कळलेलं नाही आणि ते दुखणं कमीही झालेलं नाही. पण भाकरी थापणं माझ्याकडं आणि ती कुठं पोचवायची ते देवाकडं, एवढं त्या पारावर मान्य केलं. त्या बाईला तिथं बसवलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सोमवारी चूल पेटवली. पहिली भाकरी देवापुढे ठेवली. त्याच्या भाकरीवर मी पूर्वी कधी अंगठा दाबत नसे, त्याला काय ओळख लागते म्हणून. आता दाबते. कुणी केली ते त्यालाही कळू दे.